दाखला

रिवणच्या बंद खाणीत आम्ही मंगळ मांडलाय.
म्हणजे दोरी लावलेला एक चौकोन, वीस पावलं बाय वीस,
आणि मधोमध सहा चाकांचं यंत्र,
ज्याला एप्रिलच्या उन्हात दर अर्ध्या तासाने सावली लागते.
खऱ्या मंगळावर छत्री कोण धरणार,
असं मी वहीत लिहिते, आणि खोडते.

(माझ्या पत्रिकेतला मंगळ आईने कधीच शांत करून घेतला.
हा दुसरा.)

छत्री शाणू वेळीप धरतात.
बावीस वर्षं याच खाणीत त्यांनी नमुने गोळा केले.
हजेरीपटावर नाव होतं, अहवालात कंपनीचं.
मग कंपनी गेली. ट्रक जिथे होते तिथेच गंजले.
खड्ड्यात हिरवं पाणी भरलं, इतकं खोल
की गावच्या म्हशीही काठावरून परततात.

काम तसं साधं. दगडातली रेघ वाचायची.
लोखंडाची काळी, गारेची पांढरी, परत काळी.
लुर्डीस म्हणते, बेबिंक.
खालचा थर भाजल्याशिवाय वरचा ओतायचा नाही,
इतकंच साम्य. हे बेबिंक भाजायला
ज्यांना डोळे नव्हते, तोंड नव्हतं,
त्यांनी समुद्रात नुसता श्वास सोडला,
आणि पाण्यातलं लोखंड गंजून तळाला बसलं.
अब्जावधी वर्षांनी तो श्वास
बार्जमधून जुवारीने मुरगावला गेला, टनावारी,
तिथून जपानला.
कुणाच्या तरी घरी त्याची कढई झाली असेल.

तिकडेही सगळं तांबडं.
पण गंजायला श्वास लागतोच असं नाही.
गंज एकटाही चढतो.

तिसऱ्या दिवशी पडद्यावर ठिपके दिसले,
गोल, एकाला एक चिकटलेले, माळेसारखे.
मी रेंजसाठी टेकडी चढले, धापा टाकत फोन लावला.
दोनापावलाहून लुर्डीस शांतपणे म्हणाली,
बुडबुडेही असेच दिसतात.
गारेचा चीक सुकतानाही असाच आकसतो.
निर्जीवाला सजीवाची नक्कल करायला
काही लागत नाही गं, वेळ लागतो फक्त,
आणि तो त्याच्याकडे असतो.

खाली आले तर यंत्राचं उत्तर आलेलं:
अनिश्चित.

शाणूंनी विचारलं नाही. दगड उचलला,
लेंग्याला पुसला आणि चाटला.
मी ओरडलेच.
ते म्हणाले, अशीच प्रत सांगायचो आम्ही.
अठ्ठावन्न टक्के, साठ.
लॅबचा कागद दुसऱ्या दिवशी यायचा,
एका टक्क्याचा फरक, कधी तोही नाही.

मी मनात धरलं: तिथे जीभ नसेल.
तिथे थुंकीसुद्धा उकळून उडून जाईल.

त्यांनी दगड उलटा केला, पुन्हा चाटला,
उन्हाकडे तिरका धरला, आणि हसले.
"हांगा कोण तरी आशिल्लें, बाय."

ओल्या दगडावर, जिथे यंत्राने पाहिलंच नव्हतं,
पुसट पांढरा आकडा वर येत होता:
चारशे सतरा. सातचा पाय लांब ओढलेला.
सात मीच असा काढतो, ते म्हणाले.
अठ्ठ्याण्णव साल असणार. त्या वर्षी रंग पातळ यायचा.

अर्ध्या मिनिटात दगड सुकला.
आकडा आत गेला.

नियम स्पष्ट आहे. मानवी संपर्क झालेला नमुना बाद.
मी बाद लिहिलं.
कारणाच्या रकान्यात जागा कमी होती,
म्हणून अक्षर बारीक केलं:
शाणू पुनो वेळीप, रिवण,
सांगे तालुका.

यंत्र तापलं होतं.
छत्री या वेळी मी धरली.